शेवगा फुलतो, गळतो, पण शेंग धरत नाही: काळ्या मातीतल्या झाडाचं काय करायचं?

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत परसातल्या शेवग्याबद्दलची तक्रार बहुतेक एकच असते. झाड लावलं, वर्षभरात छपराच्या वर गेलं, माघ-फाल्गुनात फुलांनी पांढरं झालं, अंगणात सडा पडला आणि चैत्रात वर पाहिलं तर शेंगा चार-सहा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग कुणी सांगतं झाड नर आहे, कुणी खोडात खिळा ठोकायला सांगतं, कुणी बुंध्याशी मीठ टाकायला. अशी दोन-तीन वर्षं गेली की झाडावर कुऱ्हाड पडते.

कुऱ्हाड उचलण्याआधी एवढं ध्यानात घ्या. शेवग्यात नर आणि मादी अशी वेगळी झाडं नसतात. पपईत असतात, म्हणून हा समज इथेही चिकटला असावा. शेवग्याच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे जे झाड फुलतं त्याला शेंग धरता येते. खिळ्याने साल फुटते आणि तिथून बुरशी आत शिरते. काळ्या मातीत टाकलेलं मीठ सहजासहजी धुऊन जात नाही, ते मुळांपाशीच बसतं. हे दोन्ही उपाय करू नका.

खान्देशातल्या या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा कीड नसते आणि खताची कमतरताही नसते. पाणी जास्त, नत्र (नायट्रोजन) जास्त आणि बहर चुकीच्या वेळी, ही तीन कारणं असतात. तिन्ही आपल्या हातातली आहेत. म्हणून तपासणी याच क्रमाने करा आणि फवारणीचा पंप अगदी शेवटी काढा.

किती फुलं गळणं साहजिक आहे?

शेवग्याच्या एका तुऱ्यात डझनांनी फुलं असतात आणि त्यातून शेवटी एखादी, फार तर दोन-तीन शेंगा पिकायला उरतात. एवढी लांब, जड शेंग झाड प्रत्येक फुलापाठी पोसू शकत नाही. त्यामुळे अंगणात सडा दिसला म्हणजे झाड आजारी, असं नाही. खरा प्रश्न तुऱ्यांचा आहे: किती तुऱ्यांना निदान एक तरी शेंग लागली?

हे डोळ्यांच्या अंदाजाने कळत नाही. हाताशी येणाऱ्या आठ-दहा तुऱ्यांच्या देठाला रंगीत सुतळी बांधा आणि तीन आठवड्यांनी पाहा. निम्म्या तुऱ्यांवर सुईसारखी बारीक हिरवी शेंग लोंबत असेल तर तुमच्या झाडाला काहीही झालेलं नाही, थोडा धीर धरा. एक-दोन तुऱ्यांवरच असेल किंवा एकावरही नसेल, तर पुढे वाचा.

आता खाली पडलेली फुलं पाहा. संध्याकाळी झाडाखालची जागा झाडून घ्या आणि सकाळी पडलेलं सगळं एका सुपात गोळा करा. पूर्ण उमललेली, कोमेजून देठासकट गळलेली फुलं जास्त असतील तर परागीभवन झालेलं नाही, किंवा झाल्यावर झाडाने ती सोडून दिली आहेत. न उमललेल्या, पिवळ्या पडलेल्या पण भोक नसलेल्या कळ्या जास्त असतील तर पाण्याचा धक्का किंवा उष्ण वारा हे कारण. कळीला बारीक भोक, आत काळसर विष्ठा, तुऱ्यावर जाळं असेल तर अळी. आणि बोटाएवढ्या शेंगा पिवळ्या पडून, डिंकासारखा चिकट थेंब लागून गळत असतील, तर शेंगमाशी. बहुतेक परसांत सूप भरतं ते पहिल्या दोन प्रकारांनी.

पाणी

खान्देशात शेवगा कुठे कुठे लावलेला असतो ते आठवून पाहा. घरामागे मोरीच्या तोंडाशी, म्हणजे भांडी आणि कपडे धुतलेलं पाणी जिथे जिरतं तिथे. वाड्यात गुरांच्या हौदाजवळ. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बांधावर. तिन्ही ठिकाणी झाडाला वर्षभर ओल मिळते, आणि लावणाऱ्याला वाटतं की आपण चांगली जागा निवडली. पानांसाठी ती चांगली आहेच. शेंगेसाठी नाही.

एकाच गावात दोन झाडं बघायला मिळतात. एक केळीच्या बांधावरचं: खोड मांडीएवढं, पाला गर्द, फांद्या सरळ आभाळात गेलेल्या, शेंगा नावाला. दुसरं कोरडवाहू कपाशीच्या किंवा ज्वारीच्या बांधावर, मुरमाड जागी: उंचीने निम्मं, पाला विरळ, आणि शेंगांनी लोंबणारं. बी बहुतेक वेळा एकाच बाजारातून आलेलं असतं. फरक मुळाशी आहे. केळीला ठिबकमधून जवळपास रोज पाणी मिळतं आणि त्याच नळीतून युरिया आणि विद्राव्य खतंही जातात. शेवग्याची मुळं बांधाच्या आत थांबत नाहीत, ती त्या ओलीकडे जातात. मग झाडाला वाढ सोडून फुलांकडे वळायचं कारणच उरत नाही, आणि वळलं तरी धरलेली फुलं ते सोडून देतं.

काळी माती इथे आणखी एक फसवणूक करते. वर भेगा पडलेल्या दिसतात, म्हणून माणूस पाणी देतो, आणि खाली वीतभर खोल माती अजून ओलीच असते. झाडापासून दोन-तीन फुटांवर खुरप्याने किंवा पहारीने वीत-दीड वीत खोल खड्डा घ्या. तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाला चिकटला तर पाणी नको. गोळा झाला पण बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर ओल बरोबर आहे. गोळाच झाला नाही तर पाणी द्या. फुलांच्या दिवसांत ही तपासणी आठवड्यातून एकदा करायला हवी. 'दर शनिवारी पाणी' असा नेम शेवग्याला चालत नाही.

खान्देशात लिंबू आणि मोसंबी करणाऱ्यांना ताण म्हणजे काय ते सांगायला नको. बहराआधी काही दिवस पाणी तोडायचं, तो ताण. शेवग्यालाही तो लागतो, फक्त सौम्य. हस्ताचा पाऊस संपला की पाणी थांबवा. पाला थोडा पिवळा पडून गळेल, घाबरू नका. कळ्यांचे तुरे दिसू लागले की पहिलं हलकं पाणी द्या, मोठ्या झाडाला दोन-तीन बादल्या पुरतात. नंतर शेंगा बोटभर लांब होईपर्यंत माती पाहून तेवढंच. भारी काळ्या जमिनीत या काळात दोन पाण्यांत दहा-पंधरा दिवसांचं अंतर सहज पडतं, साक्री किंवा सातपुड्याच्या पायथ्याकडच्या हलक्या मुरमाड जमिनीत आठवड्याला द्यावं लागतं. शेंगा बोटभर झाल्यावर मात्र पाणी तोडू नका, नाहीतर शेंगा आखूड, पिळवटलेल्या आणि शिरा आलेल्या निघतात.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते महिनाभर कोरडं ठेवून फुलं भरात असताना एकदम सोडलेलं पाणी. विजेचा भारनियमनाचा पाळा बदलतो, रात्री मोटर चालू राहते, सकाळपर्यंत आळं तुडुंब होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ्यांचा थर खाली पडतो. लोक त्याला रोग समजून औषध आणायला धावतात. औषधाने त्या कळ्या परत येत नाहीत. असं झालं तर आळं फोडून पाणी बाहेर काढा आणि पुढच्या तुऱ्यांची वाट पाहा. शेवगा थांबून थांबून फुलतो, सगळा बहर एकाच वेळी जात नाही.

मोरीच्या पाण्यासाठी उपाय साधा आहे. फुलांच्या काळात चर खोदून किंवा पाइप लावून ते पाणी दुसरीकडे वळवा. आळूला, कर्दळीला, केळीच्या एखाद्या खुंटाला ते चालतं. पावडर आणि साबणाचं पाणी काळ्या मातीत वर्षानुवर्षं जिरलं की माती आवळते, हवा खेळत नाही, हे वेगळंच. आणि पाणी कधीही बुंध्याला लागून देऊ नका. बुंध्याशी मातीची भर घाला, आळं फांद्यांच्या टोकांच्या खाली गोल काढा. पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात.

केळीच्या बांधावरच्या झाडाला बांधाकडून पाणी तोडणं कठीण. तिथे केळीच्या बाजूने, बुंध्यापासून चार-पाच फुटांवर, दोन फूट खोल चर काढला की त्या बाजूची मुळं तुटतात आणि ओलही अडते. हे काम पावसाळा संपल्यावर करा, झाड फुलात असताना नाही.

नत्र आणि राख

पाला काळपट हिरवा, दोन पानांमधली पेरं लांब, फांद्या मऊ आणि वाऱ्याने मोडणाऱ्या असतील तर नत्र जास्त झालंय. उकिरड्याशेजारच्या झाडाचं हेच होतं. एक वर्ष काहीही घालू नका. नंतर मृगाच्या पहिल्या पावसावर चांगलं कुजलेलं शेणखत दोन पाट्या, एवढं परसातल्या झाडाला बस्स.

रासायनिक खत द्यायचंच असेल तर तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस नव्या झाडाला लागवडीनंतर तिसऱ्या महिन्यात ४५ ग्रॅम नत्र, १६ ग्रॅम स्फुरद आणि ३० ग्रॅम पालाश अशी आहे. म्हणजे साधारण १०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. सहाव्या महिन्यात पुन्हा ४५ ग्रॅम नत्र. हे प्रमाण शेतातल्या लागवडीसाठी आहे. तापीकाठच्या कसदार काळीत, परसात, मी युरिया निम्म्यावर आणायला सांगेन आणि दुसरा हप्ता झाडाचा पाला बघूनच ठरवायला.

चुलीची राख बुंध्याशी टाकायची आपल्याकडे सवय आहे. पालाश मिळतं हे खरं, पण राख अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच तशी आहे, बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे खडेही निघतात. अशा मातीत लोह मुळांना मिळेनासं होतं: नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं तर राख बंद करा. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पाल्यावर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर ते हे नव्हे, तिथे पुन्हा पाणीच तपासा. एकदा माती तपासून घेतलेली केव्हाही चांगली. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा.

बहराची वेळ आणि छाटणी

पाणी आणि नत्र दुरुस्त करूनही फूल गळत असेल तर कॅलेंडर बघा. शेवग्याला २५ ते ३५ अंश तापमान मानवतं. झाड म्हणून तो भुसावळच्या मेमध्येही, ४५ अंशांत, तग धरतो. पण फूल तग धरत नाही. पारा चाळिशीपार गेला आणि दुपारचा झोतासारखा वारा सुरू झाला की परागकण वाळतात, फुलाचा देठ सुकतो, कळी उमलायच्या आधी गळते. न छाटलेलं झाड आपल्याकडे जास्त करून जानेवारी ते मार्च फुलतं. त्यातला मागचा अर्धा बहर सरळ उन्हाच्या तोंडी जातो. दर वर्षी 'फुलं भरपूर, शेंगा नाहीत' असं होण्याचं हे मोठं कारण आहे, आणि ते फार कमी लोक ओळखतात.

बहर पुढे-मागे करायचं आपल्या हातातलं साधन म्हणजे छाटणी. शेवग्याला फूल नव्या फुटव्यावर येतं. झाड जिथे कापाल तिथून फुटवा येतो, आणि फुटव्याने काही महिने वाढ घेतली की त्यावर तुरे लागतात. मेअखेर ते मृग या काळात छाटलेलं झाड पावसाळ्यात वाढतं आणि दसरा-दिवाळीच्या आसपास फुलायला लागतं. तेव्हा दुपारही सुसह्य असते आणि मातीत पावसाची ओल असते. फुलापासून भाजीची शेंग व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे ती शेंग पौषात हाती येते. बाजारात शेवगा महाग असतो तो याच दिवसांत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला, धुळ्याकडे तो आणखी खाली जातो, तर त्या आठवड्यातली फुलं गळतात. तेवढं नुकसान धरून चालावं.

छाटणी कशी करायची? आखाजीच्या सुमाराला शेंगा संपतात. त्यानंतर लगेच भर उन्हात झाड बोडकं करू नका. सावली देणारा पाला एकदम गेला की पश्चिमेकडची साल उन्हाने भाजते आणि चिरते, मग तिथे खोडकिडा बसतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात, आभाळ येऊ लागलं की, संध्याकाळी छाटा. खोड जमिनीपासून तीन-चार फुटांवर ठेवा, चार दिशांना चार फांद्या राखा, त्याही हातभर-दोन हात ठेवून कापा. काप तिरपा हवा, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबणार नाही. करवत धारदार घ्या. कुऱ्हाडीने ओरबाडलेलं लाकूड भरून येत नाही, शेवग्याचं लाकूड मऊ आणि पाणी शोषणारं असतं.

कापांवर बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका, मोरचूद ते खातं. मलम त्याच दिवशी वापरून टाका. उरलेल्या चुन्याचा हात खोडाच्या पश्चिम बाजूला दिलात तर उन्हापासून सालही वाचते.

दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक कापापाशी फुटव्यांचा झुपका येतो. तो तसाच राहू दिला तर आत ऊन जात नाही आणि पुन्हा पालाच माजतो. प्रत्येक फांदीवर दोन-तीन जोमदार, बाहेरच्या बाजूला जाणारे फुटवे ठेवा, बाकीचे हाताने मोडा. मोडलेल्या कोवळ्या शेंड्यांची भाजी करा, डाळ घालून छान होते. हे मोडणं पोळ्यापर्यंत दोनदा करावं लागतं.

नव्या रोपाचं याहून सोपं आहे. रोप अडीच-तीन फूट झालं की शेंडा खुडा. तो खुडायला जीव होत नाही, एवढं छान सरळ वाढत असतं. पण न खुडलेलं झाड पंचवीस-तीस फूट जातं, शेंगा टोकाला लागतात, काढताना फांदी मोडते, आणि मे-जूनच्या वादळात अर्धं झाड पत्र्यावर येतं.

भुंगे

शेवग्याचं फूल सकाळी उमलतं आणि त्याचे पराग वाऱ्यावर फारसे जात नाहीत. मोठा काळा भुंगा, जो वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो, तो या फुलावर सगळ्यात चांगलं काम करतो, कारण त्याच्या अंगाचा आकार फुलाला नेमका पुरतो. मधमाश्याही येतात. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान झाडाखाली थोडा वेळ उभे राहा. एकही भुंगा दिसला नाही तर फुलं गळण्याचं कारण समोरच आहे.

धाब्याच्या जुन्या घरांत छत पेलणाऱ्या सागाच्या सरा आणि लगी असायच्या, त्यांच्या टोकांना हे भुंगे राहायचे. आता स्लॅब झाले आणि अंगणातला लाकूडफाटाही गेला. बोटभर जाडीचे वाळके बांबू, एक बाजू बंद आणि एक उघडी ठेवून, जुडी बांधून पडवीच्या वळचणीला आडवे टांगा. पाऊस लागता कामा नये. भुंगा अंगावर येतो म्हणून लोक त्याला मारतात. नर भुंगा घोंघावतो खरा, पण त्याला नांगी नसते. मादी हातात पकडल्याशिवाय डसत नाही.

शेजारी कपाशी असेल तर फवारणीच्या दिवसांत भुंगे आणि माश्या मरतात. शेजाऱ्याला संध्याकाळी फवारायची विनंती करा, बहुतेक जण ऐकतात. आपल्या झाडावर फुलं असताना कीटकनाशक नकोच.

कीड

सुपात भोक पडलेल्या कळ्या निघाल्या तरच हा भाग तुमच्यासाठी. कळी पोखरणारी अळी खाली उतरून मातीत कोषात जाते. त्यामुळे पडलेल्या कळ्या रोज उचलून पाण्यात बुडवणं आणि झाडाखालची माती दहा-बारा दिवसांनी उकरून उन्हाला देणं, यानेच ती निम्मी कमी होते. तुरे दिसायच्या आधी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून गाळून, थोडा साबणचुरा घालून.

शेंगमाशीलाही हाच उपाय लागू पडतो. डिंक आलेली शेंग झाडावर ठेवू नका आणि उकिरड्यावरही टाकू नका, खोल पुरा.

केसाळ अळ्या पावसाळ्यात येतात. रात्री पाला खातात, दिवसा खोडावर गोधडीसारख्या एकाला एक चिकटून बसतात, आणि तेच त्यांना घालवायचं सोपं ठिकाण. जुन्या पद्धतीत टेंभा पेटवून फिरवतात, पण शेवग्याची साल पातळ आहे, भाजते. हातमोजे घालून खराट्याने साबणाच्या पाण्याच्या बादलीत ओढा. उघड्या हाताला त्यांचे केस लागले की चांगलीच आग आणि खाज सुटते. लहान मुलांना झाडाखाली खेळू देऊ नका.

खोडावर भुश्याचं आणि जाळ्याचं बोगद्यासारखं आवरण दिसलं तर ती साल खाणारी अळी. आवरण काढा, भोकात तार घालून अळी टोचा, रॉकेलचा बोळा आत सारून चिखलाने लिंपा.

पावसाळ्यात झाड एकाएकी सुकलं तर

श्रावणात पाला अचानक मलूल झाला, माती ओली असूनही झाड सुकतंय, तर बुंध्याजवळ उकरून मूळ पाहा. निरोगी मूळ पांढरं, टणक असतं आणि त्याला मुळ्यासारखा उग्र वास येतो. कुजलेलं मूळ तपकिरी, लिबलिबीत आणि घाणेरड्या वासाचं. साल हाताने निघत असेल तर झाड वाचत नाही, त्याच्या चांगल्या फांद्या कापून घ्या. सुरुवात असेल तर चर काढून पाणी काढा, बुंध्याची माती मोकळी करा, शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून घाला, आणि झाडाचा भार कमी करायला अर्धी छाटणी करा. पुन्हा काळ्या मातीत लावताना फूट-दीड फूट उंच गादीवाफ्यावरच लावा. खड्ड्यात थोडा मुरूम मिसळला तरी पुष्कळ फरक पडतो. खोल खड्डा घेऊन त्यात नुसतं शेणखत भरलं तर भर पावसात तिथे डबकं होतं.

सगळं करूनही शेंग नाही, किंवा शेंग कडू

अशी झाडं असतात. बियांपासून वाढलेला शेवगा आईसारखाच निघेल याची खात्री नसते, कारण पराग शेजारच्या कुठल्याही झाडाचा असू शकतो. पेरियाकुलमच्या उद्यानविद्या महाविद्यालयाची पीकेएम-१ ही जात बियांपासून लावतात आणि तीन-साडेतीन महिन्यांत फुलते, शेंग हातभरापेक्षा लांब. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा आहे. पण पीकेएमच्या परसातल्या झाडाचं बी पुन्हा पेरून तशीच शेंग येईल असं धरू नका, बी दर वेळी खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. दोन हंगाम पाणी, नत्र आणि छाटणी नीट सांभाळूनही तुऱ्यांना शेंग धरली नाही, किंवा शेंगेचा गर कडू निघाला, तर ते झाड बदलायला हरकत नाही.

त्यासाठी गावातलंच एखादं झाड हेरून ठेवा, जे कोरडवाहू जागी दर वर्षी लदबदतं आणि ज्याची आमटी तुम्ही चाखली आहे. त्या घरच्या माणसांना छाटणीच्या वेळी एक फांदी मागा, कुणी नाही म्हणत नाही. मनगटाएवढी जाड, तीन ते पाच फूट लांब, पिकलेली फांदी घ्या, हिरवी कोवळी नको. दोन-तीन दिवस सावलीत आडवी ठेवून कापावरचा चीक वाळू द्या. मग पहिल्या चांगल्या पावसानंतर, तिचा एक तृतीयांश भाग मातीत जाईल अशी गादीवाफ्यावर लावा आणि वरच्या कापाला शेणाचा गोळा लिंपा. बुडखा कुजू नये म्हणून पाऊस पडत असताना वरून पाणी देऊ नका. फांदीच्या झाडाला बियाच्या झाडासारखं सोटमूळ नसतं, म्हणून पहिली दोन वर्षं वळवाच्या वाऱ्यात त्याला दोन बाजूंनी काठीचा आधार लागतो.